आजार म्हणजे अडलेली ऊर्जा नव्हे

‘सगळे आजार म्हणजे शरीरात अडलेली ऊर्जा. रोज एकवीस मिनिटं सात चक्रांचं ध्यान करा, पेशी दुरुस्त करणारं 528 हर्ट्झचं संगीत लावा, रेकी घ्या. हजारो वर्षांचं हे ज्ञान आता क्वांटम विज्ञानानेही सिद्ध केलंय. दुष्परिणाम शून्य. गुण आला नाही तर समजा, श्रद्धा कमी पडली.’

हा मेसेज, चक्रांच्या रंगीत चित्रासकट, वर्षभरात मला पाच जणांनी पाठवला. पाचही जण माझ्या जवळचे, आणि हेतू सगळ्यांचा चांगलाच. मी स्वतः बारा वर्षं रोज पहाटे श्वासाकडे लक्ष देत बसते. त्यातून मिळणारी शांती मला खरी वाटते, म्हणूनच तिच्या नावावर काहीही खपवलेलं मला सहन होत नाही. तेव्हा यातलं एकेक वाक्य बघू.

‘हजारो वर्षांचं ज्ञान.’ रेकी, म्हणजे हात ठेवून ऊर्जा देण्याचा उपचार, जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी 1922 च्या सुमारास सुरू केला. त्याला अजून फार तर शंभरेक वर्षं झालीत. चक्रांची कल्पना नक्कीच जुनी आहे, पण मेसेजमधल्या चित्रातली नाही. चक्रांविषयी आज जे बोललं जातं त्याचा मोठा आधार म्हणजे पूर्णानंदांचा ‘षट्चक्रनिरूपण’ हा ग्रंथ, 1577 सालचा. त्यात मणिपूर चक्राच्या पाकळ्या पाण्याने भरलेल्या ढगासारख्या काळसर आहेत आणि अनाहताच्या बंधूक फुलासारख्या लाल. मेसेजमधल्या चित्रात तीच चक्रं पिवळी आणि हिरवी. खालून वर लावलेली ही इंद्रधनुष्याची ओळ विसाव्या शतकातली. रंगापेक्षाही मोठा फरक हेतूचा आहे. तिथे साधक एकेका कमळात बीजाक्षर आणि देवता मनाने स्थापतो. अमुक चक्र थायरॉईडचं, तमुक पोटाच्या विकारांचं, ही जोडणी त्यात नाही. परंपरेचं नाव घ्यायचं तर निदान ती उघडून बघावी.

‘528 हर्ट्झ पेशी दुरुस्त करतो.’ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद हे माप माणसाने दिवसाचे 86,400 भाग करून ठरवलं. भाग वेगळे पाडले असते तर याच सुराचा आकडा वेगळा निघाला असता. त्या आकड्यात विश्वाचं रहस्य दडलेलं नाही. पियानोच्या मधल्या ‘सी’च्या वरचा ‘सी’ 523 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ तोच सूर. संथ संगीताने बरं वाटतं, जरूर ऐकावं. पेशींची दुरुस्ती त्याच्यावर सोडू नये.

‘क्वांटम विज्ञानाने सिद्ध केलंय.’ नाही केलं. क्वांटम भौतिकी अणू, इलेक्ट्रॉन, प्रकाशकण यांच्या वागण्याबद्दल बोलते. उपचारकाच्या तळहातातून निघून दुसऱ्याला बरं करणारी ऊर्जा कुठल्याही उपकरणाने मोजलेली नाही. ‘उपकरणाला कळत नाही, हाताला कळते’ असं यावर म्हणतात. तेही एकदा तपासून झालंय आणि ते एका शाळकरी मुलीने केलं. एमिली रोझा तेव्हा नऊ वर्षांची होती. अमेरिकेत ‘थेरप्युटिक टच’ करणारे लोक रुग्णाला स्पर्श न करता त्याच्या ऊर्जेचं वलय हाताला जाणवतं म्हणायचे. एमिलीने टेबलावर एक आडपडदा उभा केला. उपचारकाने खालच्या फटीतून दोन्ही हात पलीकडे काढायचे, तळवे वर. ती नाणं उडवायची आणि कौल येईल त्या तळव्याच्या थोडं वर आपला हात धरायची. तिचा हात आपल्या कुठल्या हातावर आहे, एवढंच उपचारकाने सांगायचं. 21 उपचारक, 280 वेळा. बरोबर उत्तरं 123, म्हणजे 44 टक्के. नुसता अंदाज बांधला असता तरी निम्मी यायला हवीत. 1998 मध्ये हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं. ते लोक खोटारडे होते असं मी म्हणत नाही. त्यांना मनापासून काहीतरी जाणवत होतं. फक्त ते समोरच्या हातातून येत नव्हतं.

मग रेकी घेऊन हलकं वाटतं ते काय? ते वाटणं खरं आहे. कुणीतरी तासभर फक्त तुमच्यासाठी थांबतं, घाई करत नाही, तुम्ही डोळे मिटून पडता. श्वास आपोआप संथ होतो. 2001 मध्ये लुचानो बर्नार्डी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 23 जणांना लॅटिनमध्ये माळेवरची मेरीची ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हुं’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. धर्म वेगळे, शब्द वेगळे, शरीराचं उत्तर एकच. श्वास सोडताना ठोके थोडे मंदावतात, त्यात व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा मोठा वाटा असतो. म्हणून उच्छ्वास लांबवला की जीव शांत होतो. हे मला कुठल्याही अदृश्य ऊर्जेपेक्षा कमी सुंदर वाटत नाही. आपल्या आजीला नामस्मरणाने झोप लागायची ती उगाच नव्हे.

‘दुष्परिणाम शून्य.’ दहा-वीस मिनिटं शांत बसण्याने सहसा काही बिघडत नाही. पण मोठा आघात सोसलेल्या माणसाला डोळे मिटल्यावर तोच प्रसंग पुन्हा दिसू शकतो. लांबलचक मौन शिबिरांत झोप उडणं, भीती दाटणं, आपण आपल्यातच नाही असं वाटणं, हेही घडतं. अशा वेळी डोळे उघडावेत, उठावं, कुणाशी बोलावं. ‘शुद्धी चाललीय, सहन करा’ असं सांगणाऱ्यापासून लांब राहावं.

आणि खरा धोका उपचार टळण्यात आहे. माझ्या एका मैत्रिणीची थायरॉईड ग्रंथी कमी काम करते. कंठातलं चक्र मोकळं झालं की गोळी लागणार नाही, असं तिला सांगण्यात आलं. चार महिने तिने गोळी घेतली नाही. मी भेटायला गेले तेव्हा ती शाल गुंडाळून बसली होती. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, बोलता बोलता डोळे मिटत होते. मला म्हणाली, ‘अगं, हल्ली ध्यान फार खोल लागतं.’ ते ध्यान नव्हतं. संप्रेरक कमी पडल्याने शरीर मंदावत चाललं होतं. गोळी पुन्हा सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी ती माणसात आली.

कर्करोगात तर एवढी सवडही मिळत नाही. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण घेऊन येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये एक अभ्यास छापला. नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट निघाला.

‘श्रद्धा कमी पडली.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. बरं वाटलं तर श्रेय पद्धतीचं, नाही वाटलं तर दोष रुग्णाचा. मैत्रीण बरी झाल्यावर पहिल्यांदा रडली ती याच गोष्टीवर. ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे असं वाटायचं गं. म्हणून कुणाला सांगितलं नाही.’ चार महिने ती आजाराबरोबर अपराधही वाहत होती. पतंजलींनी साधनेतले नऊ अडथळे मोजले, त्यात पहिलंच नाव व्याधीचं आहे. आजार साधनेच्या आड येतो, असं त्यांनी म्हटलं. साधना कमी पडली म्हणून आजार येतो, असं तिथे म्हटलेलं नाही.

मेसेज पाठवणाऱ्यांपैकी माझ्या मावशीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे आता मी बसायचं बंद करू का?’

‘अजिबात नको, मावशी. रोज बस. श्वास सोडताना थोडा जास्त वेळ घे. आणि उठलीस की आधी रक्तदाबाची गोळी घे.’