काळी गाडी आणि जुना बनियन

काळी गाडी घेऊ नका, असं शोरूममधल्या पोरानंही आडून सुचवलं होतं. "सर, सिल्व्हर सांभाळायला सोपी पडते." आई तर उघडच बोलली, "काळं आपल्यात संक्रांतीला. तू रोज दारात उभं करणार?" मी दोघांचंही ऐकलं नाही.

दोन वर्षं बरी गेली. मग एका रात्री कोथरूडच्या पेट्रोल पंपावर, त्या पांढऱ्याफटक दिव्यांखाली, मेव्हणा बॉनेटकडे बघत म्हणाला, "दाजी, कोळ्यानं जाळं विणलंय की." मी पुसायला गेलो. जाळं पुसलं जाईना. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक बारीक चऱ्यांची वर्तुळं होती आणि मी सरकलो की तीही माझ्याबरोबर सरकत होती.

यांना स्वर्ल मार्क म्हणतात, हे त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून कळलं. चरे सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याभोवती आडवे पडलेले तेवढेच चमकतात, म्हणून गोल दिसतात. पांढऱ्या गाडीवरही ते असतातच, फक्त ती बोभाटा करत नाही. आणि ते पडतात धुळीनं नव्हे, तर धूळ पुसल्यानं. कोरडी माती फडक्याखाली सापडली की ते फडकं पॉलिश पेपर होतं.

फडकं म्हटल्यावर आरोपी तयारच होता. आमच्या सोसायटीत पहाटे एक मामा गाड्या पुसतात. एक बादली, एक फडकं, बावीस गाड्या. सकाळी त्यांना गाठून मी क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर), मायक्रॉन वगैरे सगळं ऐकवलं. मामांनी शांतपणे गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, "साहेब, टपावर पण चरे हायेत का?"

"आहेत ना! सगळ्यात जास्त तिथंच!"

"टपावर माझा हात पोचत न्हाई," मामा म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

टपावर हात पोचणारा, दर रविवारी प्रेमानं जुना बनियन फिरवणारा, तोही कोरडाच, असा माणूस अख्ख्या सोसायटीत एकच होता. त्याचं नाव मी घरात सांगितलं नाही.

आधी सोपा मार्ग धरला. बाटलीतलं पॉलिश चोळलं, जाळं गायब! बायकोला म्हटलं, बघ. दोन वेळा गाडी धुतल्यावर जाळं परत हजर. बाटलीवाल्यानं चरे काढले नव्हते, बुजवले होते. मग गॅरेजला गेलो. तिथले उस्ताद म्हणाले, "रबिंग मारून देतो, आरसा होईल." शेजारीच त्यांनी आरसा केलेली एक काळी गाडी उन्हात उभी होती. तिच्या अंगावर इंद्रधनुष्याचे झोत फिरत होते. गोल फिरणारं जड मशीन घाईनं मारलं की असे पट्टे उठतात. मी चहा पिऊन परत आलो आणि स्वतःच करायचं ठरवलं. हा निर्णय चुकीचा नव्हता, पण त्याला किती रविवार लागतील हे कुणी सांगितलं नव्हतं.

रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतो. माणसाचा केस ७० च्या आसपास. म्हणजे केसापेक्षा पातळ थरातून आणखी थोडा थर घासून काढायचा, तोही चरा बुजेपर्यंत नव्हे तर चऱ्याच्या तळाशी पातळी येईपर्यंत. नख अडकत असेल तर तो चरा सोडून द्यायचा. तो तुमच्याबरोबर म्हातारा होणार.

डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन, पॉलिशिंग मशीन आणलं. हे फिरता फिरता हेलकावेही खातं, त्यामुळे एका जागी तापून रंग जाळण्याची भीती कमी. तरी हात बसावा म्हणून आधी आजीच्या लोखंडी कपाटावर सराव केला. पॅड उचललं तर हिरवंगार! मी हाय खाल्ली. मग कळलं की कपाटाला पारदर्शक थर नसतोच, रंग यायचाच. गाडीवर मात्र पॅड काळं झालं तर समजायचं की थर गेला आणि आता पेंटरकडे जायचं. कपाटाचा उजवा दरवाजा सध्या फार देखणा दिसतो. डावा त्याच्याकडे बघत नाही.

गाडी नीट धुतल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्रा चाचपायचा असतो. नुसत्या बोटांना न कळणारी खरखर पिशवीतून कळते. भर पार्किंगमध्ये हातात दुधाची पिशवी घालून, डोळे मिटून मी गाडी कुरवाळत असताना तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पायऱ्यांवरून परत वर गेल्या. खरखर काढायला क्ले, म्हणजे मातीसारखा मऊ गोळा, ओल्या पत्र्यावर फिरवायचा. तो जमिनीवर पडला तर फेकून द्यायचा, कारण त्याला चिकटलेली खडी नवे चरे पाडते. माझा पडला. आईनं उचलला, नळाखाली धरला आणि म्हणाली, "घे, काही होत नाही." एवढ्यावरून घरात दोन तास अबोला होता.

रबराच्या पट्ट्या आणि कडा टेपनं झाकल्या, कारण कडेला थर सगळ्यात पातळ आणि काळ्या प्लॅस्टिकला कंपाउंड (घासायची पेस्ट) लागलं की ते पांढरं पडतं. टेप बघून चौघांनी विचारलं, "ठोकली का कुठं?" सेक्रेटरी आले ते थेट वायरीकडे बघत. "हे कॉमन मीटरवर आहे." मी हिशेब मांडला: ८०० वॅटचं मशीन, चार तास, ३.२ युनिट. त्यांनी तो वहीत लिहून घेतला.

आणि मग खरं काम. दोन फूट बाय दोन फूट तुकडा, सगळ्यात सौम्य पॉलिश, सगळ्यात मऊ पॅड. वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन पत्र्यावर टेकवल्यावरच सुरू करायचं, नाहीतर थेंब भिंतीवर, शर्टवर आणि सेक्रेटरींच्या वहीवर जातात. आधी आडवं, मग उभं, गोगलगायीच्या चालीनं. पुसून आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पॉलिशचं तेल उतरवायचं, म्हणजे चमक खरी की बुजवलेली ते कळतं. टॉर्च मारला. जाळं नव्हतं! आत माझं तोंड होतं, स्पष्ट, आणि खरं सांगायचं तर धूसर होतं तेच बरं होतं.

गाडी पुरी व्हायला चार रविवार लागले. टप सगळ्यात शेवटी केला. बनियन बाद झाला, मऊ मायक्रोफायबरची फडकी आली, दोन बादल्या आल्या: एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची.

दसऱ्याला आई ताट घेऊन खाली आली. बॉनेटमध्ये वाकून बघितलं, स्वतःचं कुंकू नीट केलं आणि म्हणाली, "आरसाच झालाय रे." मी सुखावलो. तिनं बोटानं स्वस्तिक काढलं, हार घातला. थोडं कुंकू बॉनेटवर सांडलं. मी "थांब" म्हणेपर्यंत तिनं पदर घेतला आणि देवाची तसबीर पुसावी तसा गोल गोल फिरवला. कोरडाच. "झालं स्वच्छ."

मामा आपट्याची पानं घेऊन शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्या हातावर सोनं ठेवलं आणि हळूच म्हणाले, "टपावर त्यांचाबी हात न्हाई पोचत, साहेब."