भाडेकरू तुमचा हप्ता भरत नाही

कर्ज काढून घर घ्या, भाड्याने द्या, भाडेकरू हप्ता भरत राहील आणि 20 वर्षांनी घर फुकटात तुमचं. जागेचे भाव कधी उतरत नाहीत आणि भाडं म्हणजे बसल्या जागी मिळणारं उत्पन्न. या अर्थाचा सल्ला इतका फिरतो की गुंतवणूक म्हणून पहिलं घर घेणारे अनेकजण तो गृहीत धरूनच कर्जाच्या अर्जावर सही करतात. भाड्यासाठी घर घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. पण इथे बहुतेकांची आयुष्यभराची बचत पणाला लागते, म्हणून या सल्ल्यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

पहिला दावा हप्त्याचा. भाडेकरूला तुमच्या कर्जाशी काही देणंघेणं नसतं. त्या भागात तशा घराला जे भाडं चालू आहे, तेच तो देतो. हप्ता मात्र किंमत, व्याजदर आणि मुदत यांवर ठरतो. हे दोन आकडे जुळतीलच असं मानायला काहीही आधार नाही.

घराची किंमत 100 धरा. त्यातले 20 तुमचे, 80 कर्जाचे, व्याज 8 टक्के, मुदत 20 वर्षं. वर्षभराच्या हप्त्यांची बेरीज होते साधारण 8. म्हणजे नुसता हप्ता निघायलाच वर्षाचं भाडं किमतीच्या 8 टक्के हवं. जगातल्या अनेक महागड्या शहरांत ते याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतं. समजा भाडं 4 आहे. वर्षातला एक महिना घर रिकामं राहिलं, तर उरले 3.67. दुरुस्ती, मालमत्ता कर, विमा, दलाली, सामायिक देखभाल यांत पूर्ण वर्षाच्या भाड्याचा पाचवा भाग गेला, तर हातात 2.87. हप्ते 8 चे. उरलेले पाचाहून अधिक तुमच्या पगारातून जाणार. भाडेकरूनेच हप्ता भरावा असं खरोखर हवं असेल, तर या निव्वळ भाड्यावर फार तर 28 चं कर्ज झेपतं. बाकीचे 72 स्वतःचे घालावे लागतात. फिरणाऱ्या सल्ल्यात हा आकडा कुठेच नसतो.

‘निदान मुद्दल तरी फिटत जातं’ हेही अर्धंच खरं आहे. वरच्याच कर्जात पहिल्या हप्त्यातला सुमारे 80 टक्के भाग व्याजाचा असतो. 10 वर्षं, म्हणजे निम्मी मुदत संपली, तरी जवळपास 69 टक्के कर्ज डोक्यावर शिल्लकच. आणि व्याजदर बदलता असेल, तर 8 चे 10 टक्के झाल्यावर तेवढ्याच मुदतीचा हप्ता 15 टक्क्यांनी वाढतो. भाडं मात्र कराराने बांधलेलं असतं, ते त्या महिन्यात हलत नाही. म्हणून घर बघायला जाण्याआधी निदान सहा महिन्यांचे हप्ते वेगळे काढून ठेवता येतात का, ते बघा. येत नसतील तर थांबणंच योग्य.

महिन्याचं भाडं किमतीच्या 1 टक्का हवं, असा एक अमेरिकन ठोकताळाही सोबत फिरतो. तिथे पुष्कळ घरांतून थोडी वेगळी काढायला ती चाळणी ठीक आहे. दुसऱ्या बाजारात तो आकडा तसाच उचलण्यात अर्थ नाही.

दुसरा दावा बसल्या जागच्या उत्पन्नाचा, आणि नवख्या घरमालकाला सर्वांत जास्त दमवतो तो हाच. घर ही सतत झिजणारी वस्तू आहे. न्हाणीघराच्या फरशीच्या सांध्यांतला भराव सुटतो, पाणी आत मुरायला लागतं, आणि महिन्यांनंतर पलीकडच्या भिंतीवर तळहाताएवढा ओला डाग दिसतो. भाडेकरू कळवतो. घरमालक म्हणतो, पावसाळा संपला की बघू. तोवर पाणी स्लॅबमधल्या सळयांपर्यंत पोचलेलं असतं. लोखंड गंजलं की त्या गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो आतून काँक्रीट फोडतो आणि छताचे पोपडे गळायला लागतात. सांधे भरायचं काम एका दिवसाचं होतं. आता छत फोडून सळया साफ करायच्या, पुन्हा गिलावा, पुन्हा रंग, आणि तेवढे दिवस घर रिकामं. म्हणून भाड्यातला ठरावीक भाग दर महिन्याला दुरुस्तीच्या खात्यात टाकायचाच, काही बिघडलेलं नसलं तरीही. गीझर, पाण्याची मोटार, वायरिंग या सगळ्यांचं आयुष्य ठरलेलं असतं. खर्च कोणत्या महिन्यात येईल ते सांगता येत नाही, पण येणार हे नक्की.

दुरुस्तीची तक्रार आली की त्याच दिवशी उत्तर द्या, काम दोन दिवसांनी झालं तरी चालेल. ज्याला उत्तर मिळतं तो भाडेकरू पुढचा डाग लवकर कळवतो. ज्याला मिळत नाही तो सांगायचंच सोडतो.

जागेचे भाव उतरत नाहीत, हे तर इतिहासाने पुन्हा पुन्हा खोटं ठरवलं आहे. जपानमध्ये 1991 च्या शिखरानंतर जमिनीचे भाव दीड दशक घसरत राहिले. आयर्लंडमध्ये 2007 नंतरच्या सहा वर्षांत घरांच्या किमती निम्म्याहून खाली गेल्या. अमेरिकेत घरांच्या किमतींचा केस-शिलर निर्देशांक 2006 ते 2012 या काळात सुमारे 27 टक्क्यांनी उतरला. आणि दीर्घ पल्ल्याची गोष्ट हवी असेल तर ॲम्स्टरडॅममधल्या हेरेनग्राख्त कालव्याकाठच्या घरांची बघा. संशोधक पीट आयखहोल्ट्झ यांनी 1628 ते 1973 या काळातल्या तिथल्या किमतींचा निर्देशांक बांधला. महागाई वजा केली तर साडेतीनशे वर्षांत भाव साधारण दुप्पट झाले, वर्षाला सरासरी 0.2 टक्के. शहरातल्या सर्वांत मानाच्या जागेची ही कथा. ‘दहा वर्षांत दुप्पट’ हेही ऐकायला भारी वाटतं, पण तो वर्षाला 7.2 टक्के परतावा झाला. त्यातून मुद्रांक शुल्क, नोंदणी, व्याज आणि विकतानाचा कर अजून वजा व्हायचाच आहे. भाव वाढले तर चांगलंच, पण भाडं परवडत नसताना केवळ त्या आशेवर घर घेऊ नये.

भाडं जितकं जास्त तितकं बरं, हा दावा चटकन निकालात निघतो. 5 टक्के जास्त भाड्यासाठी घर एक महिना रिकामं ठेवलंत, तर तो एक महिना भरून यायला 20 महिने लागतात. तोवर बहुधा भाडेकरू बदललेला असतो. वेळेवर पैसे देणारा, घर नीट ठेवणारा माणूस राहत असेल तर बाजारभावापेक्षा थोडं कमी भाडंही फायद्याचं.

राहिला ‘ओळखीतल्याला द्या, कागदपत्रं कशाला’ हा सल्ला. भाडं किती तारखेला, वाढ कधी, सोडायची सूचना किती दिवस आधी, कोणती दुरुस्ती कोणाकडे, ही बोलणी ओळखीच्या माणसाशी तर लिहूनच व्हायला हवीत, कारण वाद झाला तर पैशांबरोबर नातंही जातं. अनोळखी माणूस असेल तर त्याच्या सध्याच्या घरमालकाशी बोला. त्याच्या आधीच्याशी बोललात तर आणखी बरं, कारण सध्याच्या घरमालकाला त्याला घालवायची घाई असू शकते. जात, धर्म, आहार यांवरून भाडेकरू निवडू नका. ते अन्यायाचं आहे, आणि भाडं वेळेवर येईल का हे त्यातून कळतही नाही.

डिपॉझिट हे उत्पन्न नाही, ते भाडेकरूचे पैसे आहेत. जर्मनीत निवासी घरासाठी ते तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापुरतं मर्यादित आहे, भारताच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात, म्हणजे राज्यांसाठीच्या नमुना कायद्यात, दोन महिन्यांच्या. इंग्लंडमध्ये ते 30 दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. तुमच्याकडे असं बंधन नसलं तरी ते वेगळ्या खात्यात ठेवा. किल्ल्या देण्याच्या दिवशी भाडेकरूसोबत घरभर फिरा. प्रत्येक नळ पाच मिनिटं सोडा, सिंकखाली हात फिरवून ओल बघा, मीटरवरच्या आकड्यांचे आणि प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, किल्ल्या मोजा आणि ती यादी दोघांच्या सहीने दोघांकडे ठेवा. भिंतीचा रंग फिका पडणं ही वापरातली झीज, तिचे पैसे कापायचे नाहीत. दाराला पडलेलं भोक हे नुकसान, त्याचे कापायचे, तेही पावती दाखवून.