माउंटन बाईकवाल्याची पहिली रोड बाईक : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार भाऊ,

भाच्यासाठी पहिली रोड बाईक निवडण्यावर मी जे लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : गोरेवाड्याकडच्या कच्च्या वाटांवर आणि हिंगण्यापलीकडच्या मुरमाच्या रस्त्यांवर माउंटन बाईक हाणणाऱ्या तगड्या पोराला मी ३२ मिमीचे टायर, उंच हॅण्डल आणि सर्वांत हलका ३४-३४ चा गिअर (पुढच्या आणि मागच्या चक्राला सारखेच ३४ दाते) असलेली ‘आरामाची’ सायकल सुचवली, आणि त्यात त्याचं नुकसान आहे. नागपूर सपाट, रस्ते सिमेंटचे, म्हणून हलकी कार्बनची रेस बाईक, २५ चे टायर आणि खाली वाकलेली बैठक, हेच बरोबर. शिवाय तुमच्याकडची जुनी ५६ साईझची (फ्रेमचं माप, सेंटिमीटरमध्ये) कार्बन बाईक तुम्ही त्याला अर्ध्या किमतीत द्यायला तयार आहात. त्या मोठ्या मनाबद्दल आधी आभार. बाईकबद्दल शेवटी बोलतो.

नागपूर सपाट आहे हे मलाही मान्यच आहे. माझी सगळी निवड त्याच एका गोष्टीवर उभी आहे.

आधी वजनाचं बघू. सपाट रस्त्यावर ताशी ३० किमीने जाताना सायकलचं वजन एक किलोने जास्त असलं, तर त्यापायी लागणारी जादा ताकद अर्ध्या वॅटपेक्षाही कमी असते. तिथे वजनाचा संबंध येतो तो फक्त टायर दबण्यातून होणाऱ्या रोधाशी. त्याच वेगाला नुसती हवा कापायला शंभराच्या वर वॅट लागतात. पाच टक्के चढावर ताशी १० किमीने चढताना सुद्धा तो एक किलो दीड वॅटच्या आतच मागतो, आणि तिथे माणूस व सायकल मिळून ८५ किलो वर न्यायला ११५ वॅटच्या आसपास खर्च होतात. सिग्नलवरून सायकल उचलताना हलकेपणा जाणवतो, हे खरं, आणि तो आनंदही खरा. पण वर्धा रोडने बुटीबोरीकडे किंवा कामठी-कन्हान-मनसर करत रामटेकला जायचं, तर त्या ५० किमीत तो किलो कुठेही आडवा येत नाही. कार्बन फ्रेमसाठी मोजलेले जादा पैसे इथे सर्वांत कमी परतावा देतात, असं माझं ठाम मत आहे.

आता तुम्ही म्हणाल, की हवाच एवढी नडते तर खाली वाकलेली बैठकच हवी. बरोबर आहे. हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. २५ वरून ३० वर जायचं तर हवेपुरती सुमारे पावणेदोनपट ताकद लागते. माउंटन बाईकच्या रुंद हॅण्डलवर छाती उघडी टाकून बसलेला माणूस आणि कोपर वाकवून, खांदे आवळून बसलेला माणूस, यांच्यात ३० च्या वेगाला पन्नासेक वॅटचा फरक सहज पडू शकतो. कार्बनचा एक किलो अर्धा वॅट वाचवतो, बैठक पन्नास वाचवते. म्हणूनच मी त्या लेखात सगळा भर बैठकीवर दिला. फक्त, जी बैठक तासन्‌तास टिकते तिचाच फायदा मिळतो. खूप खाली हॅण्डल असलेली रेस बाईक घेऊन पोरगं वीस मिनिटांनी हात ताठ करून, बारच्या वरच्या भागाला धरून बसणार असेल, तर ते हवेला पुन्हा माउंटन बाईकइतकंच आडवं येतं.

आणि इथेच माउंटन बाईकवाल्याचा प्रश्न नवख्या माणसापेक्षा वेगळा आहे. ट्रेलवर तो एका जागी बसतच नाही. दगड आला की पेडलवर उभा, उतार आला की मागे, चढ आला की खोगिराच्या नाकावर, मध्येच पेडल थांबवून वाहू देणं. त्याचे पाय, फुप्फुसं, तोल सगळं तयार असतं. तयार नसते ती मान, आणि तळहातांवर सतत येणारा भार सोसायची सवय. आपल्या सपाट रस्त्यावर उतार नाही, म्हणजे पेडल थांबवून अंग सैल करायची जागा नाही. खोगिरावर बसलात की बसलात. घाटातल्या माणसाला उतारावर मिळणारी विश्रांती नागपूरच्या माणसाला मिळत नाही, म्हणून सपाटीवर बैठक घाटापेक्षा जास्त कडक परीक्षा घेते.

तुम्ही आपल्या डॉ. अमित समर्थ यांचं उदाहरण दिलंत. त्यांनी २०१७ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली, याचा प्रत्येक नागपूरकराला अभिमान आहे. सुमारे ४,८०० किमीची ती शर्यत एकट्याने १२ दिवसांत संपवायची असते. पण त्या शर्यतीने सायकलच्या जगाला एक दुखणंही शिकवलं : ‘शर्मर्स नेक’. १९८३ मध्ये मायकल शर्मर यांच्या मानेच्या स्नायूंनी शर्यतीतच साथ सोडली, डोकं वर धरता येईना, आणि त्या त्रासाला त्यांचंच नाव पडलं. पाय शाबूत असून मान आणि हात आधी हरतात, हे तिथे वर्षानुवर्षं दिसत आलंय. भाच्याचं पहिलं ध्येय त्यामानाने छोटं, २०० किमीचं ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड), साडेतेरा तासांच्या मुदतीत. तेवढ्यालाही हाच नियम लागतो.

मी सुचवलेली लांब पल्ल्याची एण्ड्युरन्स फ्रेम म्हणजे म्हाताऱ्यांची फ्रेम, हा समज सोडा, भाऊ. त्याच मापाच्या रेस फ्रेमपेक्षा तिचा स्टॅक साधारण दोन-तीन सेंटिमीटर जास्त आणि रीच थोडा कमी असतो, एवढंच. (बॉटम ब्रॅकेट म्हणजे पेडल फिरतात त्या आसापासून हेडट्यूब म्हणजे हॅण्डलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं उभं अंतर स्टॅक, आडवं अंतर रीच.) हूड (ब्रेकच्या दांड्यांवरची रबरी मूठ) धरून कोपर वाकवले आणि हातांचा पुढचा भाग आडवा केला, की याच फ्रेमवर शरीर चांगलं खाली येतं. सवय झाल्यावर स्टेमखालचे (स्टेम म्हणजे हॅण्डल फ्रेमच्या पुढच्या भागाला जोडणारा तुकडा) स्पेसर, म्हणजे चकत्या, एकेक काढून हॅण्डल खाली नेता येतं. उलट दिशेने, म्हणजे फार खालचं हॅण्डल वर आणायला, तेवढी मोकळीक नसते. फोर्कची स्टिअरर नळी, जिच्यावर स्टेम बसतो ती, एकदा कापली की कापली.

मापाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माउंटन बाईकवाले इथेच सर्वांत जास्त फसतात. ‘मी मिडियम चालवतो, मला मिडियम द्या’ असं दुकानात सांगतात. माउंटन बाईकचा रीच ४३०-४५० मिमी असतो, तेव्हा रोड बाईकचा ३७५ बघून त्यांना वाटतं सायकल आखूड आहे, आणि एक माप मोठं घेतात. पण माउंटन बाईकच्या सरळ फ्लॅट बारवर पंजा स्टेमच्या टोकाच्या आसपासच राहतो. रोड बाईकच्या खाली वळलेल्या ड्रॉपबारवर हूड धरला की तोच पंजा त्याहून दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त पुढे जातो. शिवाय माउंटन बाईकचा स्टेम ५०-६० मिमीचा, रोडचा ९०-१०० चा. कागदावर आखूड वाटणारी सायकल हाताला लांब पडते ती अशी. म्हणून दुकानात ट्रेनरवर (सायकल जागीच चालवायच्या स्टँडवर) निदान पंधरा-वीस मिनिटं पेडल मारू द्या म्हणावं, आणि मग हूडवरचे हात क्षणभर उचलून पाहावेत. धड पुढे कोसळलं, तर भार हातांवर आहे. तसाच तोलून राहिला, तर बैठक जमली. खोगिराची उंचीही नव्याने लावायची. ट्रेलवर खोगीर खाली ठेवायची सवय रोडवर गुडघ्याला महागात पडते.

टायरवर तुमचा सर्वांत जास्त राग दिसला. रस्ते सिमेंटचे आहेत, म्हणूनच मी ३२ म्हणतो. सिमेंटच्या रस्त्यात ठरावीक अंतराने आडवे सांधे असतात, आणि २५ च्या टायरमध्ये ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा असली की प्रत्येक सांधा थेट मनगटात वाजतो. त्याहून धोक्याची ती उभी फट, सिमेंटची कड आणि बाजूचे गट्टू यांच्यातली. बसला जागा द्यायला कडेला गेलात आणि २५ चं चाक त्या फटीत उतरलं, तर कितीही कसबी माणूस पडतो. ७५ किलोच्या माणसाला ३२ मध्ये ५५-६० पीएसआय पुरते. आपल्या उन्हाळ्याचाही विचार करा : पहाटे गार टायरमध्ये ९० भरली आणि आतली हवा वीस अंशांनी तापली, तर दाब सहा-सात पीएसआयने वाढतो. आधीच दगड झालेला टायर आणखी कडक. व्यावसायिक शर्यतींतही एके काळी २३ चे टायर सर्रास होते, आज तिथे २८ नेहमीचे झालेत. वेगासाठीच झालेत, कारण खडबडीत रस्त्यावर कडक टायर उड्या मारत ताकद वाया घालवतो.

आणि आपले रस्ते काही फक्त सिमेंटचे नाहीत. समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगी नाही. लांब जायचं ते काटोल, उमरेड, रामटेककडच्या जुन्या रस्त्यांनी, आणि त्यांना फुटणाऱ्या गावरस्त्यांनी. तिथे बाभळीचे काटे आहेत, आणि पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेली काळी माती. ती माती अरुंद फ्रेममध्ये आणि चाकाची कड आवळणाऱ्या रिम ब्रेकच्या कॅलिपरखाली अशी बसते की चाक फिरायचं थांबतं. फ्रेममध्ये जागा असली तर आज ३२, उद्या २८ लावता येतो. २५ पुरतीच जागा असलेल्या फ्रेममध्ये दुसरा पर्यायच उरत नाही.

गिअरचं फार बोलत नाही. ३४-३४ म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा. माउंटन बाईकवर ३२-५१ ची (पुढे ३२, मागे ५१ दाते) सवय असलेल्याला हाही जडच वाटतो. रामटेकच्या गडावर दमलेल्या पायांनी चढताना, किंवा सौंसरपुढे छिंदवाड्याकडच्या घाटात, त्याची किंमत कळते. बाकी वेळ तो कॅसेटवर, म्हणजे मागच्या चक्रांच्या संचात, पडून राहील, त्याने काही बिघडत नाही.

पैसे कुठे घालावेत यावर मात्र माझं म्हणणं अजून ठासून सांगतो : ब्रेकवर. माउंटन बाईकवाल्याचं बोट तेलाच्या दाबाने चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकला सरावलेलं असतं. एका बोटाने, मोजून दाबायचं. त्याला क्लॅरिस किंवा सोरा या शिमानोच्या स्वस्त गिअर-संचांबरोबर येणारे तारेचे डिस्क ब्रेक दिले, तर हूडवरून दाबताना ते भोंगळ वाटतात आणि तो घाबरून जास्त दाबतो. अरुंद टायरवर जास्त दाबणं म्हणजे मागचं चाक घसरणं. हायड्रॉलिक मिळणार असतील, तर ॲल्युमिनियमची फ्रेम आणि एखादा गिअर कमी, हे मी आनंदाने पत्करेन.

सेकंड हॅण्डचा तुमचा मुद्दा मला पटतो. जुनी चांगली सायकल नव्या साधारण सायकलीपेक्षा बरी, आणि बेअरिंग, हेडसेट, चेन यांची पारख माउंटन बाईकवाल्याला असतेच. कार्बन असेल तर बॉटम ब्रॅकेटभोवती आणि सीटपोस्टच्या क्लॅम्पजवळ उजेड टाकून तडा तपासायचा. अट एकच, सौदा स्वस्त आहे म्हणून मापात तडजोड करायची नाही.

पेडलसाठी वेगळे पैसे नकोत. दोन बोल्टच्या क्लीटचे (क्लीट म्हणजे बूट पेडलला अडकवणारा तुकडा) त्याचे जुने एसपीडी पेडल आणि बूट रोड बाईकवर बिनधास्त चालतात. ब्रेव्हेत कंट्रोलवर (वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणी) उतरून चहा घ्यायला चालत जायचं असतं. तीन बोल्टच्या रोड क्लीटपेक्षा ते सोयीचेच पडतात.

आता तुमच्या बाईकबद्दल. भाच्याची उंची पाच फूट सहा इंच, म्हणजे त्याला ५२ च्या आसपासचं माप लागेल. ५६ वर स्टेम कितीही आखूड केला तरी तो ताणलेलाच राहील, म्हणून ती त्याच्यासाठी घेत नाही. पण आमच्या रविवारच्या मंडळींत पाच फूट दहा इंचांचा एक जण जुनी रेस बाईक शोधतोय, आणि तो आधीपासून रोड चालवणारा आहे. तिचा स्टॅक, रीच, आणि फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो, एवढं इथेच खाली कळवा. मी त्याला सांगतो.