जाड शॉकअपने पासिंग वाढत नाही

आडगाव नाक्यावरच्या ट्रकवाल्यांत एक मेसेज फिरतोय: ‘जाड शॉकअप टाका, दोन टन जादा कांदा भरा.’ साफ चुकीचं. वजन पेलतात पाटे, म्हणजे एक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. शॉकअप, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, फक्त पाट्यांचं उसळणं आवरतो. पासिंग, म्हणजे गाडीला मंजूर असलेलं वजन, आरसी बुकात लिहिलंय तेवढंच.

शॉकअपवर तेलाचा हलका ओलावा चालतो, ओघळ आला तर बदला. कसारा घाट उतरून थांबलात की जपून हात लावा. चालू शॉकअप तापलेला असतो; शेजारचा थंडगार लागला तर बहुतेक मेलाय. नवा घेताना दाबलेली आणि ताणलेली, दोन्ही लांबी जुन्याशी जुळवा. एका एक्सलचे दोन्ही सोबतच बदला, मालक कितीही कुरकुरला तरी. शॉकअपच्या टोकांचे रबरी बुश घासलेले असतील तर तेही.