चौकोनी भोकाचे दादा

गावच्या घराची वाटणी झाली तेव्हा आंब्याच्या कलमांवरून झाला नाही एवढा वाद आमच्याकडे एका बिस्किटाच्या डब्यावरून झाला. आजोबा बोटीवर खलाशी होते. कोबे, हाँगकाँग, सायगाव अशी बंदरं करून कायमचे घरी आले तेव्हा सोबत दमा होता आणि हा डबा. डब्यात तांब्या-पितळेची नाणी, एकूण ४७, आणि प्रत्येकाच्या पोटात चौकोनी भोक.

"भोकाचा पैसा आपल्याकडेही होता," भाऊकाका म्हणाले. होता, १९४३ पासून १९४७ पर्यंत पाडला. पण त्याचं भोक गोल.

"चौकोनी म्हणजे त्याहून जुनं," आत्याने निकाल दिला. डबा वर्षभर तिच्याकडेच होता, त्यामुळे तिचा शब्द शेवटचा. शिवाय पाहुण्यांपुढे बरी दिसावीत म्हणून तिने सगळी नाणी चिंच-मीठ लावून लख्ख घासली होती.

घरात इंटरनेटवर शोधाशोध करणारा मी एकटाच, म्हणून किंमत काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच रात्री मी घरच्या ग्रुपवर गाफीलपणे लिहिलं, "या नाण्यांना इंग्रजीत कॅश म्हणतात." मिनिटभरात चुलतभावाचा फोन. "कॅश? किती?" मी समजावलं की ही कॅश म्हणजे रोकड नव्हे, हा आपल्या दक्षिणेतला 'कासु', पोर्तुगिजांच्या तोंडात बसून थेट चीनपर्यंत गेलेला. "बरं, बरं," तो म्हणाला, "पण रोकड किती?"

मला अजून नाण्याची वरची बाजू कुठली तेच कळत नव्हतं. चार अक्षरं, चार दिशांना. भोक चौकोनी असल्यामुळे नाणं कसंही फिरवलं तरी ते तितकंच सरळ दिसतं. चार रात्री भिंग घेऊन बसल्यावर एक युक्ती सापडली. चारांतलं सगळ्यात गच्च अक्षर शोधायचं. वर छप्पर, आत सामान कोंबलेलं, खाली दोन पाय. थेट आमच्या माळ्यासारखं. ते 'पाओ', म्हणजे खजिना. ते डावीकडे आलं की बहुतेक वेळा नाणं सरळ. मग वाचायचं वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. हे पाठ होतंय तोवर चीनच्या सुंग राजघराण्याच्या काळातली नाणी निघाली. त्यांतली बरीच घड्याळाच्या काट्यासारखी गोल वाचायची असतात.

ऑफिसात एक्सेलची शीट उघडली की मला भोकंच भोकं दिसू लागली.

एकदाचं पहिलं नाणं लागलं: चीनचा छ्येनलोंग बादशहा, १७३६ ते १७९५. मागच्या बाजूला उभ्या, गाठी मारलेल्या दोऱ्यासारखी अक्षरं. "ही मोडी!" आत्या ओरडली. "आमच्या खरेदीखतात अश्शीच होती." ती मांचू लिपी होती, तेव्हाच्या चिनी बादशहांच्या मांचू घराण्याची; उजवीकडच्या अक्षरावरून टांकसाळ ओळखतात. पण त्या दुपारी आळीभर झालं की आजोबांकडे पेशव्यांची चिनी नाणी होती.

चीन परवडला, जपान नको. तिथलं 'कानएई' नाणं १६३६ साली सुरू झालं आणि दोनशेहून जास्त वर्षं तीच चार अक्षरं मिरवत राहिलं. मग जुनं कुठलं, नवं कुठलं? तर त्या 'खजिन्या'चे पाय बघायचे. आधीच्या नाण्यांवर ते एकमेकांना चिकटलेले, १६६८ नंतरच्या नाण्यांवर फाकलेले. पन्नाशीतला, मधुमेहाचा माणूस रात्री दीड वाजता एका अक्षराचे पाय तपासतोय हे बायकोने पाहिलं, आणि काही न बोलता दिवा घालवला. एकाच्या पाठीवर समुद्राच्या ११ लाटा निघाल्या, तेवढा मात्र मी हरखलो. लाटांचं नाणं चार साध्या नाण्यांच्या बरोबरीने चालायचं. कोरियाने तर १६७८ पासून दोनशेच्या वर वर्षं पुढची अक्षरं बदलायची तसदीच घेतली नाही.

पण आमची सगळ्यांची भिस्त होती एका नाण्यावर. ते छ्येनलोंगचंच, पण जाड, पिवळंधमक, प्रत्येक रेघ ताजी. दुसरी भिस्त सुंग काळातल्या सात नाण्यांवर. हजार वर्षांपूर्वीची! भाऊकाकांनी त्या जोरावर गच्चीवर पत्रे घालायचं ठरवलं.

शेवटी डबा घेऊन मी, आत्या आणि काका एका नाणेवाल्याकडे गेलो. त्याने डब्यात बघितलं आणि विचारलं, "धुतलीत?" कुणी गेल्याचं विचारतात तसं. आत्याने अभिमानाने चिंचेचं प्रमाण सांगितलं. शेकडो वर्षांनी चढलेला रंग हीच या नाण्यांची अब्रू असते, हे तिला सांगायची त्याला हिंमत झाली नाही. मग मीच घरी सांगितलं. चूक केली.

सुंगांची सात नाणी त्याने शेंगदाण्यांसारखी बाजूला सारली. काका उसळले, "हजार वर्षं म्हणजे काय थट्टा आहे?" त्यावर कळलं की सन १०८० च्या सुमारास चीनमध्ये वर्षाला ५० लाख माळा नाणी ओतली जात, एका माळेत हिशेबाला हजार नाणी. आपल्या हयातीत गच्चीवर पत्रे पडणार नाहीत हे काकांना तिथेच समजलं. चिनी लोक पैशाला थट्टेने 'चौकोनी भोकाचे दादा' म्हणतात, हेही तो माणूस बोलता बोलता सांगून गेला. आमचे दादा लोक सरसकट चाळीस रुपये नगाचे निघाले.

"आणि हे?" मी पिवळंधमक काढलं.

त्याने दुसरं एक नाणं उचलून माझ्या बोटाला कडेवरून घासलं. खरखर लागली. ओतल्यावर नाणी चौकोनी गजात ओवायची आणि सगळ्यांच्या कडा एकदम कानशीने घासायच्या. भोक गोल असतं तर घासताना ती गजावर गरगर फिरली असती. तो खरखरीतपणा कानशीचा. मग आमच्या पिवळ्यावरून बोट फिरवलं. साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. भोकाच्या कोपऱ्यात लाल रेशमाचा एक धागा अडकला होता.

आत्या शांतपणे म्हणाली, "अगंबाई, हे माझं आहे."

तिच्या दाराला फेंगशुईची तीन नाणी लाल फितीत बांधलेली होती. फीत तुटली, दोन सापडली, तिसरं घासायच्या ढिगात गेलं. भेटवस्तूंच्या दुकानात तिने तिन्ही नाण्यांचे मिळून साडेचारशे मोजले होते.

परतताना बसमध्ये तिने मनाशी भागाकार केला. "म्हणजे डब्यातलं सगळ्यात महाग माझंच की रे! दीडशेचं."

मी तसं ग्रुपवर टाकलं. मिनिटभरात चुलतभावाचा फोन. त्या दीडशेत त्याचा वाटा किती बसतो, विचारत होता.