न्योर्डलिंगनची गोल भिंत म्हणजे उल्केच्या खड्ड्याची कड नाहीये

एक रील सध्या खूप फिरतंय, आणि तोच मजकूर व्हॉट्सॲपवर पण येतोय. ड्रोनमधून दिसणारं लाल कौलांचं एकदम गोल गाव आणि खाली असं काहीतरी, की हे जर्मनीतलं न्योर्डलिंगन, उल्का पडून झालेल्या खड्ड्यात वसलेलं जगातलं एकमेव शहर, गावाभोवतीची गोल भिंत म्हणजे त्या खड्ड्याची कड, घरं आणि चर्च ७२,००० टन हिऱ्यांनी बांधलेत, हजार वर्षं लोकांना याचा पत्ताच नव्हता, मग १९६० मधे एका अमेरिकन शास्त्रज्ञाने चर्चची भिंत खरवडली आणि सगळं उघड झालं, आणि या खड्ड्यामुळे कुठलाच शत्रू कधी आत शिरू शकला नाही म्हणून गाव आजही जसंच्या तसं आहे.

उल्का पडली हे खरंय. बाकी जवळपास प्रत्येक वाक्यात गडबड आहे. मला हे जास्त खटकतं कारण या मजकुरात तिथली जमीन तर चुकीची कळतेच, पण तिथे राहिलेली माणसं पूर्णच गायब होतात, जणू आकाशातून दगड पडला आणि आपोआप गाव तयार झालं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी भिंत. साधा हिशोब करा. न्योर्डलिंगनची तटबंदी साधारण २.७ किलोमीटर लांब आहे, म्हणजे त्या गोलाचा व्यास एक किलोमीटरसुद्धा भरत नाही. आणि खड्डा, ज्याला तिथे रीस म्हणतात, त्याचा व्यास जवळपास २४ किलोमीटर आहे, कडेकडेने एक चक्कर मारायची तर ७५ किलोमीटर होईल. आपल्या लोणारचा व्यास १.८ किलोमीटर, म्हणजे न्योर्डलिंगनची अख्खी तटबंदी लोणारच्या खड्ड्यात आरामात मावेल, आणि रीसमधे अशी तेरा लोणारं एका रांगेत बसतील. गाव तर खड्ड्याच्या मध्यावर पण नाहीये, नैऋत्येकडे सरकलेलं आहे. गावातल्या सेंट गेओर्ग चर्चचा ९० मीटर उंच टॉवर आहे, त्याला डानिएल म्हणतात, साडेतीनशे पायऱ्या चढून वर गेलं की आधी खाली कौलं आणि भिंत दिसते, भिंतीच्या बाहेर सपाट शेतं आणि छोटी छोटी गावं, आणि खूप लांब क्षितिजावर जंगलाने झाकलेल्या टेकड्यांची रांग चारी बाजूंनी. खड्ड्याची कड म्हणजे ती रांग. ड्रोनच्या फ्रेममधे ती येतच नाही.

मग भिंत गोल का? कारण माणसांनी ती गोल बांधली. गावाला आधी एक लहान तट होता, तेराव्या शतकातला, त्याची रेघ आजही नकाशात गल्ल्यांच्या आतल्या गोलात दिसते. गाव त्याच्या बाहेर वाढलं, विणकर आणि चामडं कमावणारे लोक तटाबाहेर राहायला लागले, आणि १३२७ मधे सम्राट लुडविग (बव्हेरियाचा) याने बाहेरच्या वस्त्या पण आत घेणारा नवीन तट बांधायला सांगितला. जमीन सपाट, मधे डोंगर नाही, एगर नावाची छोटी नदी आहे पण तिच्यामुळे काही अडत नव्हतं. अशा ठिकाणी कमीत कमी भिंतीत जास्तीत जास्त जागा कोंडायची तर आकार गोलच निघतो. त्या भिंतीवर छप्पर असलेली वाट आहे आणि पूर्ण फेरी मारता येते, पाच वेशी आजही उभ्या आहेत. हे सगळं गवंड्यांचं आणि कर भरणाऱ्या गावकऱ्यांचं काम आहे, उल्केचं नाही.

"जगातलं एकमेव" हा मुद्दा दोन ओळीत संपतो. त्याच खड्ड्यात ओएटिंगन आहे, वालरस्टाइन आहे, आणि कितीतरी खेडी आहेत. साधारण ४० किलोमीटरवर स्टाइनहाइम नावाचं गाव वेगळ्याच, पावणेचार किलोमीटरच्या खड्ड्यात बसलंय. आणि लोणार गाव तर आपल्या बुलढाण्यात खड्ड्याच्या काठावरच आहे.

आता हिरे, ज्याच्यामुळे हे रील एवढं चालतंय. हिरे आहेत, खोटं नाहीये ते. साधारण १ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वी एक ते दीड किलोमीटरचा दगड सेकंदाला वीसेक किलोमीटरच्या वेगाने आदळला, वरचे चुनखडीचे आणि वाळूच्या दगडाचे शेकडो मीटर जाडीचे थर फोडून खालच्या जुन्या स्फटिकी खडकापर्यंत गेला. त्या जुन्या खडकात ग्रॅफाइट होतं, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतं तेच, आणि धक्क्याचा दाब एवढा प्रचंड होता की सेकंदाच्याही छोट्या भागात त्या ग्रॅफाइटचा हिरा झाला. पण म्हणूनच त्यांचा आकार ग्रॅफाइटच्या चपट्या पापुद्र्यासारखा आहे आणि मोठ्यात मोठा कण मिलिमीटरच्या एक तृतीयांशापर्यंत वगैरे. डोळ्याला दिसत नाहीत, चमकत नाहीत, अंगठीत बसवायचा प्रश्नच नाही. ७२,००० टन हा आकडा आजूबाजूच्या सगळ्या खडकात मिळून किती असतील याचा अंदाज आहे, गावातल्या घरांचा हिशोब नाही. आणि घरं तर बहुतेक लाकडी चौकटीची आणि मातीविटांची आहेत!

चर्च मात्र खरंच त्या आदळण्यातून तयार झालेल्या खडकाचं आहे. सुएव्हाइट नाव त्याचं. राखाडी, जरा भुसभुशीत, आणि जवळून पाहिलं तर त्यात काळपट काचेचे चपटे वेडेवाकडे तुकडे रुतलेले दिसतात, काही अगदी तळहाताएवढे, बाजूला ग्रॅनाइटचे पांढरट दाणे. ती काच म्हणजे त्या दिवशी वितळून उडालेला आणि हवेतच थंड होत खाली पडलेला खडक. १४२७ ते १५०५ या काळात लोकांनी हा दगड वापरला कारण तो जवळ मिळायचा, वजनाला हलका आणि घडवायला सोपा. सोपा आहे म्हणून झिजतो पण लवकर, त्यामुळे चर्चच्या दगडांची डागडुजी करत राहावी लागते. हा दगड दळून सिमेंटमधे पण वापरलाय. हिऱ्यांसाठी कोणी खाण काढलेली नाही, एवढे बारीक कण वेगळे करायचा खर्च त्यांच्या किमतीच्या कितीतरी वर जाईल.

याच आदळण्यातली एक गोष्ट रीलमधे हवी होती असं मला वाटतं, ती म्हणजे मोल्डाव्हाइट. हिरवी पारदर्शक काच, आज जी दागिन्यांच्या दुकानात मिळते, ती सापडते चेक देशात, म्हणजे खड्ड्यापासून दोनशे ते साडेचारशे किलोमीटर पूर्वेला. वरची वाळू वितळून तिथपर्यंत उडाली. ती धडक किती मोठी होती हे समजायला हिऱ्यांपेक्षा हे उदाहरण चांगलं आहे.

पुढचं, "हजार वर्षं पत्ताच नव्हता, मग एका अमेरिकनाने भिंत खरवडली." हा खड्डा उल्केने केलाय हे मध्ययुगात कोणाला माहीत नव्हतं हे बरोबर, पण तेव्हा जगात कुठेच कोणाला अशी गोष्ट माहीत नव्हती. तिथल्या अभ्यासकांनी तर या जमिनीवर खूप डोकं लावलंय. त्यांचं मत होतं की हा ज्वालामुखी आहे, आणि यासाठी त्यांना नावं ठेवायला नकोत, कारण सुएव्हाइट दिसतो अगदी ज्वालामुखीच्या राखेच्या दगडासारखा, आणि तिथून नैऋत्येला उराखच्या बाजूला त्याच सुमाराचे खरेखुरे ज्वालामुखी आहेतच. समोर एवढे पुरावे असताना कोणीही तेच म्हणालं असतं. लोणारला पण हेच झालं ना, चारी बाजूला सगळा बेसाल्टच, म्हणजे ज्वालामुखीचाच खडक, त्यामुळे खूप काळ खड्डा ज्वालामुखीचाच धरला जायचा आणि १९७० च्या दशकात ड्रिलिंग आणि दगडांची तपासणी झाल्यावर उल्केची गोष्ट पक्की झाली.

आणि रीसबद्दल उल्का ही कल्पना १९६० ची नाहीच. एर्न्स्ट वेर्नर याने १९०४ मधेच ती मांडली होती, परत १९३६ मधे ओट्टो श्टुत्सरने मांडली. कोणी मनावर घेतलं नाही कारण पुरावा दाखवायचा कसा हेच कळत नव्हतं. तो पुरावा म्हणजे कोएसाइट. साध्या वाळूतलं क्वार्ट्झ प्रचंड दाबाखाली गेलं की त्याचं कोएसाइट होतं, १९५३ मधे लोरिंग कोस नावाच्या केमिस्टने ते लॅबमधे बनवलं आणि १९६० मधे ते ॲरिझोनाच्या उल्केच्या खड्ड्यात निसर्गात सापडलं. ज्वालामुखी जमिनीच्या वर एवढा दाब तयार करू शकत नाही, त्यामुळे अशा खड्ड्यात ते सापडलं की विषय संपला. त्याच वर्षी अमेरिकन भूशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर रीसला आला आणि ज्या नमुन्यात कोएसाइट सापडलं तो ओटिंग गावाजवळच्या खाणीतला होता. तपासणी अमेरिकेत एडवर्ड चाओने केली आणि दोघांचा पेपर १९६१ मधे आला. म्हणजे एका माणसाने नखाने भिंत खरवडली असं नाही, दोन जर्मन अभ्यासक, एक केमिस्ट, दोन भूशास्त्रज्ञ आणि एक खाण, एवढे सगळे मिळून ती गोष्ट झाली. त्यानंतर १९७० च्या ऑगस्टमधे अपोलो १४ चे अंतराळवीर ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल तिथे येऊन दगड ओळखायला शिकले, कारण चंद्रावर पण असेच आदळून फुटलेले दगड मिळणार होते. १९७३ मधे खड्ड्यात १२०६ मीटर खोल बोअर घेतलं. गावात चामडं कमावणाऱ्यांच्या जुन्या वस्तीत १५०३ चं एक धान्याचं कोठार आहे, १९९० पासून त्यात रीसचं म्युझियम आहे आणि अपोलो १६ ने आणलेला चंद्राचा दगड तिथे बघायला मिळतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा, खड्ड्याचा आणि गावाच्या इतिहासाचा संबंध. संबंध आहे, घट्ट आहे, फक्त रीलमधे सांगतात तसा नाही. उल्का पडली तेव्हा माणूसच नव्हता. खड्ड्यात आधी तलाव झाला, लोणारसारखाच खारट, आणि तो लाखो वर्षं गाळाने भरत गेला. म्हणून आज तिथे वाटीसारखा खोल खड्डा न दिसता सपाट मैदान दिसतं. त्याच्यावर हिमयुगात वाऱ्याने बारीक पिवळसर माती आणून टाकली आणि आसपासच्या दगडाळ चुनखडीच्या पठारांच्या मानाने ही जमीन एकदम सुपीक झाली. शेती तिथे, जंगल कडेच्या टेकड्यांवर, आजपण तसंच. कडेवरच्या ओफ्नेट गुहांमधे १९०८ मधे ३३ कवट्या सापडल्या, घरट्यातल्या अंड्यांसारख्या गोल रचलेल्या, त्या शेतीच्याही आधीच्या लोकांच्या आहेत. मग पश्चिमेला इप्फ नावाच्या सपाट माथ्याच्या डोंगरावर लोहयुगातला किल्ला, मग रोमन लोकांचे शेतवाडे. न्योर्डलिंगनचं नाव कागदावर येतं ८९८ मधे, १२१५ मधे ते थेट सम्राटाच्या हाताखालचं शहर झालं आणि १२१९ पासून तिथल्या जत्रेचा उल्लेख मिळतो. दोन्ही बाजूंना उंच पठारं आणि मधे हे मैदान, त्यामुळे रस्ते इथूनच जायचे, धान्य, लोकर, कातडी, कापड सगळं जत्रेत यायचं. गाव श्रीमंत झालं ते याच्यावर.

त्या श्रीमंत गावाने वाईट गोष्टी पण केल्यात. १५९० च्या दशकात चेटकीण म्हणून बायकांना जाळलं. मारिया होल नावाच्या खाणावळवालीला १५९३-९४ मधे ६२ वेळा छळलं, तिने कबुली दिली नाही आणि शेवटी तिला सोडावं लागलं. न्योर्डलिंगनबद्दल लिहिताना हिरे येतात आणि ही बाई येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि "शत्रू कधी आत शिरला नाही" हे तर सरळ चूक. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या तीस वर्षांच्या युद्धात १६३४ मधे कॅथलिक सम्राटाच्या सैन्याने गावाला वेढा घातला. सुटका करायला गुस्ताफ होर्न आणि बेर्नहार्ड या सेनापतींचं स्वीडिश-प्रोटेस्टंट सैन्य आलं, आणि ५ आणि ६ सप्टेंबरला लढाई कुठे झाली तर गावाच्या दक्षिणेला खड्ड्याच्या कडेकडच्या टेकड्यांवर. आल्बुख टेकडी सम्राटाच्या बाजूने लढणाऱ्या स्पॅनिश पायदळाने धरून ठेवली होती, होर्नची माणसं परत परत चढून गेली आणि परत परत मागे ढकलली गेली. होर्न कैद झाला, सैन्य मोडलं, गाव शरण गेलं. म्हणजे खड्ड्याच्या टेकड्यांनी गावाचं रक्षण केलं नाही, उलट उंचावरची जागा वेढा घालणाऱ्यांना मिळाली. या एका पराभवाने दक्षिण जर्मनीतली स्वीडनची ताकद गेली आणि पुढच्या वर्षी फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला. १६४५ मधे जवळच आलेरहाइमला परत मोठी लढाई झाली.

गाव जुनं राहिलं ते याच्यानंतरच्या गरिबीमुळे. माणसं युद्धात, उपासमारीत आणि रोगात गेली, व्यापार दुसरीकडे वळला, जुनी घरं पाडून नवीन बांधायला पैसाच नव्हता. १८०३ पर्यंत शहराचं स्वातंत्र्य जाऊन ते बव्हेरियात सामील झालं होतं. मग एकोणिसाव्या शतकात जर्मनीतली एकेक शहरं आपले तट पाडत होती तेव्हा बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याने १८२६ मधे इथला तट पाडायला मनाई केली, आणि १८४९ मधे रेल्वे आली ती पण तटाच्या बाहेरूनच गेली.