ग्रीस थापून ब्रेक गप्प करू नका

"एमजीबीचे पुढचे ब्रेक किंचाळतात? घाबरू नका, जुन्या स्पोर्ट्स कार ओरडतातच. पॅड काढा, सँडपेपरने घासा, कडा तासा, कॉपर ग्रीस भरपूर लावा. दहा मिनिटांचं काम." एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारबद्दलचा हा सल्ला इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांत वर्षानुवर्षं फिरतोय. आता तो मराठीत उतरून माझ्याकडेही आला. बर्मिंगहॅमजवळ माझी १९६७ ची एमजीबी मी स्वतःच्या हातांनी सांभाळतो. हा सल्ला मानून मी काही महिने घालवले, म्हणून हे लिहितोय.

"जुन्या गाड्या ओरडतातच." अजिबात नाही. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या, त्या काही किंचाळत बाहेर पडल्या नव्हत्या. ब्रेकचा पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पकडतो, निसटतो, परत पकडतो. हे सेकंदाला हजारो वेळा होतं आणि तो थरथराट आपल्याला किंचाळी म्हणून ऐकू येतो. तो दाबण्यासाठीच पॅडच्या पाठीला पातळ पत्र्याची पट्टी, म्हणजे शिम, असते आणि पॅड ढकलणाऱ्या पिस्टनच्या तोंडाला एका बाजूला खाच असते. मॅन्युअलप्रमाणे ती खाच हबकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाकडे, हवी. पन्नास-साठ वर्षांत कुणीतरी शिम फेकून दिलेली असते, नाहीतर पिस्टन फिरवून बसवलेला असतो. आवाज वयाचा नसतो, हरवलेल्या भागाचा असतो.

"सँडपेपरने घासा." पॅडवर चकाकी आली असेल तर घासून आवाज थांबतो, हे खरं. माझा आठवडाभर थांबला. पण ती चकाकी आली कशामुळे, हे शोधलं नाही तर ती परत येणारच. आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगतो: गाडीसोबत आलेले जुने पॅड कोरडे घासू नका, त्यांची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. त्या काळच्या पॅडमध्ये फुप्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असे. शंका असेल तर पॅड नवेच घ्या.

आता कॉपर ग्रीस, म्हणजे तांब्याची पूड घातलेलं ग्रीस. सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. पॅडच्या लोखंडी पाठीवर, पिस्टन टेकतो तिथे, अगदी पातळ थर चालतो. पण "भरपूर लावा" वाचून लोक थापतात. डिस्क तापली की ग्रीस पातळ होऊन घर्षणाच्या बाजूवर उतरतं, आणि ब्रेकचा आवाज जातो तसा ब्रेकही जातो. खनिज तेलाचं ग्रीस पिस्टनच्या रबरी सीलला लागलं तर सील फुगतं, पिस्टन अडकतो.

माझ्या गाडीत खरा दोष पिस्टनचाच होता. दोन स्प्लिट पिना ओढून डाव्या चाकाचे पॅड काढले, तर आतला ३ मिमी उरलेला, बाहेरचा ८ मिमी. बाहेरच्या पिस्टनचं धुळीचं रबर नखाने उचललं. खाली क्रोमवर गंजाची तांबूस कडी, बोटाला खरखरीत लागणारी. पिस्टन पुढे सरकतच नव्हता, सगळा भार एकाच पॅडवर पडत होता. नवे पिस्टन आणि सील घातले, जोडताना बोटाने ब्रेक फ्लुइड लावलं, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. एवढ्यानं चारपैकी तीन हिस्से आवाज गेला.

"कडा तासा" हा सल्ला मात्र मला मान्य आहे. पॅडच्या पुढच्या कडेला थोडा तिरका उतार दिला तर पकड हळुवार सुरू होते. पण हे सगळ्यात शेवटचं काम.

"दहा मिनिटं" कशी पुरतील? उरलेला एक हिस्सा मला व्हील बेअरिंगमध्ये सापडला. एमजीबीच्या पुढच्या हबचा प्ले, म्हणजे किंचित मोकळेपणा, पातळ चकत्यांच्या शिम घालून ठरवतात; तो ०.०५ ते ०.१० मिमी हवा. आधीच्या मेकॅनिकने त्या शिमा घातल्याच नव्हत्या, त्यामुळे डिस्क डगमगत होती. जॅकवर उचललेलं चाक वर-खाली धरून हलवलं की हे हाताला लगेच कळतं. नेमका मोजायला काट्याचं मापक, म्हणजे डायल गेज, लागतो. नंतर नव्या पॅडची डिस्कवर पकड बसावी म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १५ पर्यंत, दहा-बारा वेळा, मधे थंड होऊ देत ब्रेक दाबले. गरम असताना पाय दाबून गाडी उभी ठेवली नाही.

पाना लावण्याआधी आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी-शेजारी ठेवून जाडी बघा.